गोळीचे नाव विचारावे : मासिक पाळीतील वेदना आणि औषधांचा सुरक्षित वापर

परभणी जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी, औषधाच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिले तर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. डोक्यावरचा पदर पुढे ओढून एखादी स्त्री दुकानाच्या कडेला थांबलेली असते. पुरुष गिऱ्हाइके पांगली, की ती पुढे होते आणि हलक्या आवाजात ‘पोट दुखण्याची गोळी द्या’ एवढेच म्हणते. दुकानातील मुलगा पट्टीतल्या दोन गोळ्या कात्रीने कापतो, कागदात गुंडाळतो आणि देतो. दुखणे कोणते, किती दिवसांचे, वय काय, दिवस गेलेले असण्याचा संभव आहे काय, यांपैकी एकही प्रश्न विचारला जात नाही. विचारलाच, तर चारचौघांत त्याचे उत्तर मिळत नाही. कापलेल्या तुकड्यावर औषधाचे नाव अर्धेमुर्धे उरलेले असते. मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहून गेलेली असते.

या व्यवहारात कोणाचाही वाईट हेतू नसतो. बाईला उद्या पहाटे कापूस वेचायला किंवा खुरपणीला जायचे असते. दुकानदाराला गिऱ्हाइकाची अडचण दूर करायची असते. तरीही दर महिन्याला, वर्षानुवर्षे, नाव ठाऊक नसलेली गोळी पोटात जात राहावी, ही गोष्ट साधी नव्हे. वेदना सहन करीत बसावे असे कोणीही म्हणणार नाही. पाळीच्या वेदनेवर चांगली, स्वस्त आणि बहुतेकींना मानवणारी औषधे उपलब्ध आहेत, व ती घेण्यात कमीपणा नाही. प्रश्न एवढाच आहे, की ती नाव, मात्रा आणि मर्यादा समजून घेतली जावीत. त्यासाठी शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांना काय करता येईल, याचा विचार येथे केला आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा पदवीधर नाही. पुढील माहिती ही डॉक्टरांच्या सल्ल्याला पूरक म्हणून वाचावी, पर्याय म्हणून नव्हे.

वेदना का होते?

पाळीच्या वेळी गर्भाशयाचे आतले अस्तर सुटून बाहेर पडते. ते बाहेर टाकण्यासाठी गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात. या आकुंचनाला चालना देणारी द्रव्ये अस्तरातच तयार होतात. त्यांना ‘प्रोस्टाग्लँडिन’ म्हणतात. हे नाव स्वीडनमधील शास्त्रज्ञ उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३५ मध्ये दिले. ज्या स्त्रीच्या शरीरात ही द्रव्ये अधिक प्रमाणात तयार होतात, तिचे गर्भाशय अधिक जोराने आवळले जाते, त्याचा रक्तपुरवठा काही क्षण कमी होतो आणि ओटीपोटात कळा येतात. कंबर भरून येणे, मांड्या दुखणे, मळमळणे, जुलाब होणे ही लक्षणेही पुष्कळदा याच कारणाने उद्भवतात. म्हणजे ही वेदना मनाची समजूत नाही, नाटक नाही, नाजूकपणाही नाही. तिला शरीरात ठाव आहे.

ॲस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधे या द्रव्यांची निर्मितीच रोखतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना व स्वीडनमधील दोन शास्त्रज्ञांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधातून एक व्यवहारी सूत्र हाती येते. औषध द्रव्यांची निर्मिती रोखणारे असल्यामुळे ते कळा सुरू होताच घेतले तर अधिक गुण येतो. दिवसभर सोसून, रात्री वेदना असह्य झाल्यावर एकदम दोन-तीन गोळ्या घेणे हा उलटा मार्ग होय. त्यात गुण कमी आणि अपाय अधिक.

पाळी सुरू झाल्यापासून सहा महिने ते एक वर्षाच्या सुमारास मुलींना अशा कळा येऊ लागतात. रक्तस्राव सुरू होताना त्या उठतात आणि बहुधा दोन-तीन दिवसांत शमतात. अशा वेदनेला औषधाइतकाच शेकाचाही आधार मिळतो. गरम पाण्याची पिशवी, ती नसल्यास कोमट पाण्याने भरून फडक्यात गुंडाळलेली बाटली ओटीपोटावर ठेवावी. थोडे चालणे-फिरणेही उपयोगी पडते. पाळीत मुलीने एका कोपऱ्यात बसून राहावे, या रूढीने वेदना कमी होत नाही.

तीन औषधे, तीन स्वभाव

आपल्याकडे पाळीच्या वेदनेसाठी प्रामुख्याने तीन औषधे दिली जातात. त्यांची व्यापारी नावे अनेक आहेत; परंतु पट्टीवर बारीक अक्षरांत मूळ औषधाचे नाव छापलेले असते. तेच वाचावे.

पहिले पॅरासिटामॉल. हे तापावरही चालते, पोटाला फारसा त्रास देत नाही आणि सौम्य वेदनेवर पुरेसे पडते. मात्र प्रमाण ओलांडल्यास ते यकृताला गंभीर इजा करते. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी चोवीस तासांत ४ ग्रॅम ही वरची सीमा मानली जाते. पण ती चांगल्या वजनाच्या माणसासाठी आहे. आपल्याकडील कितीतरी मुलींचे व कष्टकरी स्त्रियांचे वजन पन्नास किलोपेक्षा कमी भरते. त्यांनी ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचे अंतर आणि दिवसाला चार गोळ्यांहून अधिक नाही, हा नेम पाळणे श्रेयस्कर. बाजारात ६५० मिलिग्रॅमच्या गोळ्याही मिळतात. त्यामुळे ‘एक गोळी’ म्हणजे किती, हे पट्टी पाहिल्यावाचून सांगता येत नाही.

दुसरे आयबुप्रोफेन. हे प्रोस्टाग्लँडिनवर थेट काम करते, म्हणून कळांवर ते पॅरासिटामॉलपेक्षा अधिक प्रभावी ठरते. प्रौढ स्त्रीसाठी २०० ते ४०० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांच्या अंतराने, जेवणानंतर, आणि डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसल्यास दिवसाला १२०० मिलिग्रॅमपर्यंत, असे त्याचे सर्वसाधारण प्रमाण आहे. तिसरे मेफेनामिक आम्ल. आपल्याकडे पाळीच्या दुखण्यासाठी याचा वापर फार मोठा आहे. पुष्कळदा ते आतड्याची कळ थांबवणाऱ्या डायसायक्लोमिन या औषधाबरोबर एकाच गोळीत असते. ही औषधे बहुधा पाळीचे पहिले दोन-तीन दिवसच लागतात. त्यापुढेही गोळीवाचून चालत नसेल, तर ती मुदत वाढवण्याची नव्हे, डॉक्टरांना दाखवण्याची वेळ होय.

आयबुप्रोफेन आणि मेफेनामिक आम्ल ही एकाच जातीची औषधे आहेत. म्हणून ती दोन्ही एकत्र घेऊ नयेत; अपाय दुप्पट होतो, गुण मात्र त्या मानाने वाढत नाही. काही संयुक्त गोळ्यांत मेफेनामिक आम्ल आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. अशी गोळी घेऊन वर तापाची गोळी घेतली, तर पॅरासिटामॉल दोनदा पोटात जाते आणि घेणारीला पत्ताही लागत नाही. नाव विचारण्याचे महत्त्व येथे कळून येते.

गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मेफेनामिक आम्लाविषयी एक सूचना प्रसृत केली. या औषधाने क्वचित एक तीव्र प्रतिक्रिया उद्भवू शकते, असे तीत म्हटले होते. औषध सुरू केल्यानंतर साधारण दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, गाठींची सूज अशी तिची लक्षणे दिसतात आणि यकृतासारख्या अवयवांना इजा पोहोचू शकते. असा प्रसंग विरळा. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु गोळीनंतर पुरळ व ताप आला, तर औषध ताबडतोब थांबवून, पट्टी बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे. औषधाचे दुष्परिणाम कळवण्यासाठी आयोगाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावर सामान्य नागरिकही माहिती देऊ शकतो.

कायदा काय सांगतो?

औषधाचे दुकान उघडे आहे आणि हाती पैसे आहेत, म्हणून कोणतेही औषध मागावे, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार ‘अनुसूची एच’ मधील औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाची असतात. मेफेनामिक आम्ल, डायसायक्लोमिन व आयबुप्रोफेन ही तिन्ही या अनुसूचीत आहेत. ब्रिटनमध्ये आयबुप्रोफेन १९८३ पासून चिठ्ठीवाचून मिळते. आपल्याकडील नियम वेगळा आहे. अशा औषधांच्या वेष्टनावर ‘आरएक्स’ ही खूण आणि इशारा छापलेला असतो.

पॅरासिटामॉलची गोष्ट निराळी. ते या अनुसूचीत नाही. एवढेच नव्हे, तर एक हजारापर्यंत लोकवस्तीच्या खेड्यात पॅरासिटामॉलसारखी काही घरगुती औषधे विक्रीच्या परवान्यावाचून ठेवण्याची मुभा नियमांच्या ‘अनुसूची के’ मध्ये आहे. मात्र ती मूळ, न उघडलेल्या वेष्टनात विकली जावीत, अशी अट आहे. किराणा दुकानाच्या बरणीतून सुट्या निघणाऱ्या रंगीत गोळ्या या सवलतीत बसत नाहीत, ही गोष्ट ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

याचा अर्थ, प्रत्येक पाळीला दवाखान्याची वारी करावी असा नाही. एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रकृती दाखवावी, कोणती गोळी मानवेल ते ठरवून घ्यावे आणि चिठ्ठी जपून ठेवावी.

परभणीच्या मातीतले धोके

औषध सर्वत्र एकच असले, तरी ते घेणाऱ्या माणसाची परिस्थिती वेगळी असते. आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात पाच गोष्टींचा विचार अवश्य केला पाहिजे.

पहिली गोष्ट उन्हाची. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांचा हा जिल्हा असला, तरी उन्हाळ्यात येथे पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. उन्हात राबून शरीरातील पाणी कमी झाले, की मूत्रपिंडाला रक्त पुरवण्याचे काम काही अंशी प्रोस्टाग्लँडिनच सांभाळत असतात. अशा वेळी आयबुप्रोफेनच्या जातीचे औषध घेतले, तर तो आधारच काढून घेतला जातो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. निकाराग्वा व एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतील देशांत ऊसतोडणी करणाऱ्या मजुरांमध्ये मूत्रपिंडाचा एक जुनाट विकार मोठ्या प्रमाणावर आढळला. उन्हातील अतिश्रम आणि पाण्याची तूट हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. वेदनाशामक गोळ्यांचा वाटा त्यात कितपत असावा, हाही तेथे अभ्यासाचा विषय झाला. आपणही त्यातून बोध घ्यावा. गोळी घेण्यापूर्वी भरपूर पाणी प्यावे. लघवी कमी व गडद होत असेल, तर ही गोळी टाळावी.

दुसरी गोष्ट रिकाम्या पोटाची. या औषधांनी जठराच्या आतल्या थराचे संरक्षण कमी होते. जळजळ, व्रण, प्रसंगी रक्तस्रावही होतो. नवरात्राच्या नऊ दिवसांच्या उपवासात अथवा पहाटे चहावर शेतात जाताना ती घेऊ नयेत. आधी भाकरीचे चार घास खावेत, मग गोळी.

तिसरी गोष्ट रक्तक्षयाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ज्या बाईच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिचे पोट गोळ्यांमुळे आतून झिरपू लागले, तर अशक्तपणा आणखी वाढतो आणि ‘पाळीचा थकवा’ म्हणून तो दुर्लक्षिला जातो. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी वेदनेची नव्हे, रक्तवाढीची आहे. ती वेगळी ओळखावी आणि चुकवू नये.

चौथी गोष्ट अधिक गंभीर आहे. त्याच पाहणीनुसार परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४८ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झालेला होता. बालविवाहाचा विषय स्वतंत्र आहे. पण औषधाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की समोरची सोळा-सतरा वर्षांची मुलगी गरोदरही असू शकते. गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, आयबुप्रोफेनच्या जातीची औषधे गर्भाला घातक ठरू शकतात. पाळी लांबल्यावर पोट दुखू लागले, तर गोळी घेण्याआधी गर्भधारणेची तपासणी करावी. उपकेंद्रात ती होते.

पाचवी गोष्ट पावसाळ्यातील तापाची. डेंग्यूचा संशय असता आयबुप्रोफेन, मेफेनामिक आम्ल व ॲस्पिरिन घेऊ नये. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. सोळा वर्षांखालील मुलींना ॲस्पिरिन तर एरवीही देऊ नये. यांखेरीज दमा, जठराचा व्रण, मूत्रपिंडाचा, यकृताचा वा हृदयाचा विकार, रक्त पातळ करणारे औषध चालू असणे आणि पूर्वी कोणत्याही वेदनाशामक गोळीने अंगावर पित्त उठलेले असणे, अशा प्रत्येक प्रसंगी आधी डॉक्टरांना विचारावे.

पाळी पुढे ढकलण्याची गोळी

भाद्रपदात मराठवाड्यातील घरोघरी महालक्ष्म्या बसतात. त्या दिवसांत, तसेच लग्नसमारंभात वा वारीला निघताना, पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची मागणी वाढते. ही वेदनेची गोळी नव्हे. हे संप्रेरक आहे. नॉरेथिस्टेरॉन हे त्याचे प्रचलित रूप होय. ते अपेक्षित तारखेच्या सुमारे तीन दिवस आधी सुरू करतात आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते.

प्रसंगविशेषी, डॉक्टरांनी तपासून दिल्यास, हे औषध बहुतेक निरोगी स्त्रियांना चालते. परंतु ज्यांच्या शिरेत पूर्वी रक्ताची गुठळी झालेली आहे, ज्यांना यकृताचा विकार वा विशिष्ट प्रकारची अर्धशिशी आहे, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी ते घेऊ नये. गोळ्या चालू असता एका पायाला सूज व वेदना, छातीत दुखणे किंवा एकाएकी दम लागणे अशी लक्षणे दिसली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. जावेने दिली, शेजारणीला चालली, म्हणून घेण्याचे हे औषध नाही. त्याचप्रमाणे ‘पाळी आणण्याची गोळी’ म्हणून दिली जाणारी औषधे तपासणीवाचून घेतल्यास जिवावरचा रक्तस्राव ओढवू शकतो.

घरात देव बसले असता पाळी आली तर काय, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आहे. तथापि ज्या गोदाकाठी गंगाखेडला जनाबाईचा जन्म झाला आणि दळण-कांडणात देव शोधण्याची वाट जिने दाखवली, त्या प्रदेशातील घराने सुनेच्या प्रकृतीपेक्षा तारीख मोठी मानू नये, एवढे म्हणावेसे वाटते.

फडावरची वेदना

गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून दरवर्षी हंगामात ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस काम चुकले, की खाडा पडतो आणि त्याचा दंड हिशेबातून वळता होतो. फडावर शौचालय नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पाणी नाही. पहाटे मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची असते. अशा स्थितीत वेदनाशामक गोळी ही बाईसाठी औषध राहत नाही. ती कामावर उभे राहण्याची अट बनते.

या वाटेचे टोक कोठे जाते, हे शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवून दिले. तेथील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीचा त्रास, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी तरुण बायकांना शस्त्रक्रिया हाच उपाय सांगितला गेला होता. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश दिला.

या आकड्यांमागे केवळ गोळ्या होत्या असे नव्हे. गरिबी होती, खाडा होता, अज्ञान होते आणि नफ्याचा व्यवहारही होता. परंतु वर्षानुवर्षे गोळीने दाबलेले दुखणे एक दिवस थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाते, मधला तपासणीचा टप्पा गाळला जातो, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. पांढरे जाणे, जंतुसंसर्ग, गाठी या पुष्कळ दुखण्यांवर वेळीच साधे उपचार होऊ शकतात. गोळी वेदना शमवते. कारण शमवत नाही.

केव्हा थांबू नये?

पुढील लक्षणांत गोळीवर विसंबू नये : तासाभरात पॅड वा घडी भिजून जाणे, सात दिवसांहून अधिक काळ रक्त जाणे, मोठ्या गाठी पडणे, दर महिन्याला वेदना वाढत जाणे, पाळी नसतानाही ओटीपोट दुखणे, शरीरसंबंधाच्या वेळी वेदना होणे, दुर्गंधीयुक्त स्राव व ताप, चक्कर, धाप आणि चेहरा पांढरा पडणे, पाळी चुकल्यानंतर एका बाजूला तीव्र कळ येणे, रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्त दिसणे. काळी, डांबरासारखी शौचास होणे हे गोळीमुळे जठरात रक्तस्राव होत असल्याचे लक्षण असू शकते. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

शाळेने आणि पंचायतीने काय करावे?

काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाच्या निमित्ताने जिल्ह्यातील एका शाळेत जाणे झाले. मुलींना पाळीच्या वेळी काय मदत मिळते, असे विचारल्यावर बाईंनी मोठ्या अभिमानाने कपाटातील पत्र्याचा डबा उघडून दाखवला. त्यात कापलेल्या पट्ट्यांचे पंधरा-वीस तुकडे होते. कोणता तुकडा कशाचा, हे त्यांना सांगता आले नाही; तीन तुकड्यांची मुदत संपलेली निघाली. त्या बाई मायाळू होत्या. मुलींनी वर्ग बुडवू नये म्हणून त्या पदरचे पैसे घालून गोळ्या आणीत होत्या. मायेला माहितीची जोड मात्र कोणी दिलेली नव्हती, आणि तो दोष त्यांचा नव्हे, आपणा सर्वांचा होता.

शाळेतील डब्यात वेदनेसाठी ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची अखंड पट्टी असावी. अनुसूचीतील औषधे शिक्षकांनी स्वतःच्या जबाबदारीवर देऊ नयेत. वर्षारंभी पालकांची लेखी संमती घ्यावी आणि दमा, औषधाची बाधा, जुनाट आजार यांची नोंद करून ठेवावी. गोळी दिल्यावर मुलीचे नाव, तारीख, वेळ व मात्रा वहीत लिहावी. ही वही पुढे बोलू लागते. एखाद्या मुलीचे नाव दर महिन्याला येते, चार-चार दिवस येते, तर तिला गोळी नव्हे, तपासणी हवी हे आपोआप कळते. डबा थंड जागी ठेवावा. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात औषध टिकत नाही. जवळ गरम पाण्याची पिशवी, पॅड आणि दार लागणारी एक खोली असावी. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. त्याखाली शासकीय रुग्णालयांत चालणाऱ्या ‘मैत्री’ केंद्रांत किशोरवयीन मुलींना समुपदेशन मिळते. तेथे मुलींना घेऊन जाणे शाळेला अवघड नाही.

पंचायत सदस्यांनी ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता दिनी हा विषय घ्यावा. आशाताईंच्या पेटीत पॅरासिटामॉल आहे काय, हे पाहावे. किराणा दुकानातील सुट्या गोळ्यांबाबत दुकानदाराशी आधी सामोपचाराने बोलावे. न ऐकल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला कळवावे. गावातून तोडणीच्या टोळ्या निघण्यापूर्वी स्त्रियांची तपासणी व रक्तातील हिमोग्लोबिनची मोजणी करवून घ्यावी, आणि कोणते औषध चालते, कोणते चालत नाही, हे लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकीच्या हाती द्यावी. परजिल्ह्यातील डॉक्टरांपुढे ती चिठ्ठीच तिच्या वतीने बोलेल.

औषध विक्रेते या कामात मोलाचे साहाय्य करू शकतात. दुकानात एक बाजू थोडी आडोशाची ठेवावी; शक्य तेथे स्त्री मदतनीस असावी; पट्टी कापताना नाव व मुदत असलेला भाग गिऱ्हाइकाकडे जाईल असे पाहावे, नाहीतर कागदावर नाव लिहून द्यावे. यास खर्च काहीच नाही.

औषध घेणाऱ्या स्त्रीने स्वतःला आणि देणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत. या गोळीचे नाव काय? एका वेळी किती आणि दिवसाला जास्तीत जास्त किती? ती किती दिवस घ्यावी? माझी जी प्रकृती आहे, तीत ही चालेल काय? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर गोळी हे औषध आहे. न मिळाली, तर तो नुसता अंदाज आहे.

बाजाराच्या दिवशी दुकानाच्या कडेला पदर ओढून उभ्या राहणाऱ्या त्या बाईला आपण उद्याच खाड्यातून सोडवू शकणार नाही. पण तिने मोकळ्या आवाजात गोळीचे नाव विचारावे आणि तिला ते सांगितले जावे, एवढे तर आपल्या हातात आहे. शाळेत शिकलेली तिची मुलगी बरोबर असेल, तर पट्टीवरील बारीक अक्षरे ती वाचून दाखवील. त्या वाचनाची सुरुवात आपल्या वर्गातून आणि आपल्या ग्रामसभेतून व्हावी.